आखाजी होऊन जाऊ द्या

मी धाबं बोलतोय, या घराचं जुनं मातीचं छप्पर. मान वर करू नका. वर आता मंगळुरी कौलं बसली आहेत आणि लाल तोंडं करून ऊन खात आहेत. मी खाली आहे, तुमच्या पायाशी, या ओट्यात. माझीच माती आणून हा ओटा घातला आहे. घरधनी चुडामण आबा तीस-पस्तीस वर्षं माझ्याखाली बसले, आता रोज संध्याकाळी माझ्यावर बसतात. तक्रार नाही, पण माणूस जड आहे.

माझा जन्म अमळनेर तालुक्यातल्या एका गावात झाला. चुडामण आबांच्या वडिलांनी सागाची मोठी तुळई आडवी टाकली, तिच्यावर कड्या म्हणजे बारीक लाकडं, कड्यांवर तुराट्या, तुराट्यांवर चिखल आणि सगळ्यात वर टेकाडावरची पांढरी खारी माती. खाऱ्या मातीत गवत उगवत नाही आणि पाणी खाली उतरत नाही. दरवर्षी पावसाच्या तोंडावर बाया टोपल्यांनी ही माती आणून माझ्यावर पसरायच्या. दरवर्षी मी थोडा जाड व्हायचो. घरातली माणसंही व्हायची, पण त्यांचं वजन तुळईला पेलावं लागत नव्हतं.

लोकांना वाटतं छप्पर म्हणजे फक्त डोक्यावरचं. अहो, माझ्या पाठीवर काय काय झालं! उन्हाळ्यात अख्खं कुटुंब माझ्यावर झोपायचं. कुरडया, पापड, मिरच्या माझ्यावर वाळायच्या. शेजारच्या भिकुबाई आणि आमच्या तानुबाई या धाब्यावरून त्या धाब्यावर गावाची अब्रू काढायच्या. तानुबाई म्हणजे चुडामण आबांची बायको. पितृपक्षात घरातले पूर्वज कावळे होऊन यायचे, खीर-वडे खायचे आणि जाताना माझ्यावरच शिटून जायचे. मोठी माणसं होती, काय बोलणार!

एकाहत्तर सालच्या पावसाळ्यात माझ्या मधल्या तुळईला वाळवी लागली. आतून कुरतडणं ऐकू यायचं. तानुबाईंनी काठीच्या टोकाने तुळई ठोकली. आवाज पोकळ आला.

"मंजुळाना बाप," त्या आबांना म्हणाल्या, "ह्या तुळईमा काही राम राह्यना नही. हाई धाबं काढी टाका."

मी वरून ऐकत होतो. स्वतःच्या मरणाची गोष्ट अशी चहाच्या वेळी निघाली की कसं वाटतं, ते तुम्हाला नाही कळायचं.

चुडामण आबा कामाला वाईट नव्हते. अमळनेरला जाऊन त्यांनी सुरेशचंद शेठच्या दुकानातून गाडीभर कौलं आणली. वासे आणले. सगळं अंगणात रचून ठेवलं. कौलं समुद्राकाठची. त्यांनी आल्या आल्या खानदेशाचं ऊन पाहिलं आणि गप्प बसली. आमच्या कोंबड्यांना ती फार आवडली. त्यांच्या फटीत कोंबड्या अंडी घालू लागल्या.

आता एवढंच ठरायचं होतं की मला उतरवायचं कधी.

गावच्या शाळेत परुळेकर गुरुजी होते, मूळचे मालवणकडचे. कौलं बघून त्यांना माहेर भेटल्यासारखं झालं. ते म्हणाले, "आबा, आमच्या समुद्राकाठी याचा हंगाम ठरलेला. तुळशीचं लग्न लागलं की छपराला हात घालायचा. पाऊस संपलेला, वारा पडलेला, ऊन मऊ. शिमग्याच्या आत घर झाकून मोकळं व्हायचं. उन्हाळ्यावर ढकललंत तर वादळ गाठतं."

शहाणा सल्ला होता. पण चुडामण आबा हसले. "गुरुजी, तुमना समुद्रमा मासा पिकतस. आमना आठे दिवाळीले कापूस पिकस. तो कोठे ठेवू, तुमना डोकावर?"

खरंच होतं ते. दिवाळीनंतर आमच्या घरात माणसाला पाय टाकायला जागा नसायची. ओसरीपासून देवघरापर्यंत कापूस. देवालाही त्या दिवसांत नाक बाहेर काढून बसावं लागायचं. भाव चढेल म्हणून कापूस थांबायचा, आणि कापूस थांबला म्हणून मीही थांबलो.

कापूस गेला तोवर शिमगा आला. मग पाडवा. मग निघाला धोंड्याचा महिना. त्यात शुभकार्य करायचं नाही, जावयाला गोड खाऊ घालायचं. घरातल्या छपराचा आणि परक्या घरच्या जावयाच्या पोटाचा काय संबंध, हे मला आजवर कोणी समजावून सांगितलेलं नाही. धोंड्याचा महिना सरतोय तोच आबा म्हणाले, "आते आखाजी होऊन जाऊ द्या."

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी येतात. गौरीची गाणी म्हणतात, झोके घेतात, आणि वर्षभर सासूचं ऐकून साठलेलं सगळं ओरडून मोकळं करतात. आमच्या घरचा झोका माझ्या मधल्या तुळईला बांधलेला. आबांची पोरगी मंजुळा तेव्हा लग्नाची व्हायची होती, पण गावातल्या सासुरवाशिणी सगळ्या आमच्याकडेच यायच्या. वाळवी लागलेल्या तुळईला टांगलेल्या झोक्यावर दोन-दोन जणी उभ्या राहून तो चढवत होत्या. मी जीव मुठीत धरून तुळई सांभाळली. त्यांची गाणी मला आवडायची, ते नाकारत नाही. एका गाण्यात तर चुडामण आबांच्या आईचा उद्धार होता.

आखाजी झाली आणि वावधन सुटलं. धुळीचे लोट. आबा म्हणाले, "वारामा कौलं कोन ठेवी?" मग म्हणाले, आता पाऊस येईलच.

तो आलाच नाही. बाहत्तरचा दुष्काळ. विहिरी आटल्या, माणसं सरकारी कामावर खडी फोडायला गेली. घरात कापूस नाही, आकाशात ढग नाही, घर मोकळं, हात मोकळे. छप्पर बदलायला याहून उत्तम हंगाम देवालाही देता आला नसता. पण पाऊसच नाही तर छप्पर कशाला बदलायचं, असं म्हणून सगळे माझ्याकडे पाठ फिरवून झोपले. माझ्या अंगाला भेगा पडल्या. त्यांतून रात्री चांदण्या दिसायच्या आणि आबांना त्या छान वाटायच्या.

दुष्काळ सरला. त्र्याहत्तरच्या दिवाळीनंतर मंजुळाचं लग्न झालं. लग्नघर उघडं ठेवत नाहीत, म्हणून मी राहिलो. पुढच्या आखाजीला मंजुळा माहेरी आली, ती पोटुशीच. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ती राहिली. आता आबांना कायमचं कारण मिळालं. घरात पोटुशी बाई असताना घराला कुदळ लावायची नाही, पोटातल्या जिवाला बाधते. हे सगळं गाव मानत होतं. तानुबाईही मानत होत्या.

आणि मंजुळाची खाट टाकली कुठे? बरोबर मधल्या तुळईखाली. तिथे वारा येतो म्हणे.

आता माझी थट्टा जरा बाजूला ठेवतो. मी घाबरलो होतो. आषाढात झड लागली, आठवडाभर सूर्य नाही. भेगांतून पाणी आत उतरलं, माझी माती भिजून दुप्पट जड झाली. तुळई आतून भुसा झालेली. ती मोडणार, हे मला माहीत होतं. मी मोडलो असतो तर माझं काय, मी माती. पण खाली ती पोर होती, जिच्या पाळण्याची दोरीही मीच धरली होती.

छपराला तोंड नसतं. मग मी एकच करू शकत होतो. रोज पहाटे थोडी माती खाली सोडायची. म्हटलं, खाटेवर माती दिसली की कोणीतरी वर बघेल.

पहिल्या दिवशी सोडली. कोणी बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी जास्त सोडली. तरी नाही. मला कळेना. तानुबाई म्हणजे ताटातला केस लांबून बघणारी बाई. तिला खाटेवरची ढेकळं कशी दिसत नाहीत?

मग एका पहाटे माझ्या लक्षात आलं. मंजुळा उठली, इकडेतिकडे बघितलं, अंथरुणावरचे खडे वेचले आणि पटकन तोंडात टाकले. डोहाळे! पोरीला मातीचे डोहाळे लागले होते आणि मी रोज तिला घरपोच देत होतो. माझी धोक्याची सूचना ती चघळून खात होती. त्यानंतर तर ती वर माझ्याकडे बघून वाट पाहायला लागली. मी इतका हताश आयुष्यात झालो नव्हतो.

शेवटी झड थांबली. उघडीप पडली, ऊन आलं. आबा अमळनेरच्या बाजाराला गेले. तानुबाई मंजुळाची वेणी घालायला बसल्या आणि त्यांना तिच्या ओठाच्या कडेला पांढरी माती दिसली.

"काय खाई राह्यनी वं?"

मंजुळाने तोंड पुसलं. "काही नही, माय."

"कोठून आनी ती माटी?"

"आनी नही. वरथीन पडस. रोज पडस."

"आन तू रोज खास?"

"खारी लागस," मंजुळा खाली मान घालून म्हणाली. "चांगली लागस."

तानुबाई हसल्या नाहीत. त्यांनी वर बघितलं. एवढ्या वर्षांत माझ्याकडे असं कोणीच बघितलं नव्हतं. तुळई मधोमध खाली झुकली होती आणि तिच्यावरच्या कडीने जागा सोडली होती. त्या उठल्या, मंजुळाला हाताला धरून भिकुबाईच्या घरी बसवून आल्या. कोपऱ्यातली कुदळ घेतली, नेसूचा काष्टा घट्ट केला आणि शिडी लावून माझ्यावर चढल्या. कडेच्या भक्कम भिंतीवर पाय ठेवून उभ्या राहिल्या, एकदा हात जोडले. मला की देवाला, ते कळलं नाही. मग कुदळ घातली.

दुखलं नाही. खरं सांगतो, सुटल्यासारखं झालं.

आबा परतले तेव्हा घरात उभं राहून त्यांना आभाळ दिसत होतं. डोक्यावर हात मारून ते ओरडले, "पोटुशी पोर घरमा शे, आन तू घर फोडस?"

वरून तानुबाई म्हणाल्या, "पोर भिकुबाईना घरमा शे. घर नही फोडं ते घरच पोरवर पडी. कुदय मी मारी. पाप लागी ते माले लागी. तुम्ही कौलं उचला."

आबा काय करणार? भर पावसाळ्यात घर उघडं पडलेलं. शुभ-अशुभ बघायला वेळच उरला नाही. उखर्डू मिस्त्रीला बोलावलं, गल्लीतली माणसं धावून आली, परुळेकर गुरुजी धोतर खोचून कौलं द्यायला उभे राहिले आणि कोंबड्यांची अंडी वाचवताना पडले. सगळ्यात शेवटी दोरांनी तुळई खाली उतरवली. जमिनीवर नुसती टेकवली. तेवढ्यानेच तिचे दोन तुकडे झाले आणि आतून भुसा सांडला.

आबांनी एक तुकडा उचलला, मंजुळाच्या खाटेकडे बघितलं आणि खाली बसले. माझ्या मातीच्या ढिगात बसून मोठा माणूस रडला. मी ढिगारा झालो होतो, पण त्याला टेकायला जागा देता आली.

शेवटचं कौल बसलं आणि पुन्हा पाऊस आला. कौलं एकाच ठिकाणी गळली, आबांच्या अंथरुणावर. समुद्राकाठच्या कौलांबद्दल त्या दिवशी मला पहिल्यांदा प्रेम वाटलं.

पोळ्यानंतर मंजुळाला मुलगा झाला. पाप कोणालाच लागलं नाही. लागलं असेल तर तानुबाईंनी सांगितलं नाही.

छपराचा खरा हंगाम कोणता, हे मला आजही सांगता येणार नाही. एवढीच विनंती करतो. तुमच्या घरात कोणी गुपचूप माती खात असेल तर रागावू नका, आधी वर बघा.

काल आखाजी होती. झोका आता दारच्या निंबाला आहे. मंजुळा मुलाला ओट्यावर, माझ्यावर, बसवून गाणी म्हणायला गेली. मुलाने माझ्या कडेचा पोपडा नखाने उकरला आणि तोंडात टाकला.

"अरे, थुकी दे रे भाऊ!" आबा धावले.

तानुबाईंनी त्यांचा हात धरला. "खाऊ द्या. त्यानी माय बी हाईच खाये."

पोरगं माझ्याकडे बघून हसलं, तोंड सगळं पांढरं. दुसरा पोपडा मी जरा सैल करून ठेवला आहे.