पानावरचं मौन

"मंग हा शब्द लावायचा तरी कशाला गं?" शेगडीवरून वरण उतरवत शालूबाईंनी विचारलं.

कोमलने वहीत बोट धरलं. कळमनुरीला क्लासला जाणारी ही त्यांची नात रोज दहा इंग्रजी शब्द पाठ करी आणि आजीला ऐकवी. आजचा शब्द होता इनेफेबल. "शब्दांत सांगता न येणारा. पण कशालाबी न्हाई लावत, आजी. आनंद, देवाचं रूप, असल्या मोठ्या गोष्टीलाच."

"म्हंजे नागनाथाच्या गाभाऱ्यात उतरल्यावर वाटतंय तसं."

"बराबर. वाक्यात घेऊ का?"

"घे की. अन् दुःख असलं तर?"

"लई वाईट असलं तर त्याला दुसरा शब्द हाय. अनस्पीकेबल."

"इंग्रजाचं बरंय. न बोलायचंबी निवडून ठिवलंय," शालूबाई म्हणाल्या. "आता मी बसते. काही इचारू नको मला."

दुपारी एकच वेळ जेवायचं आणि तेही मौनानं, हे त्यांचं व्रत लग्नाच्या वर्षापासूनचं. पानावर शब्द निघाला की जेवण तिथंच संपलं, मग दुसऱ्या दुपारपर्यंत नुसतं पाणी. विंचू चावला तरी ही पानावर ब्र काढायची नाही, असं मालक कौतुकानं सांगत.

मालकांना जाऊन आठ महिने झाले होते. धाकट्या रणजीतला ते कळलंच नव्हतं. बापानं चारचौघांत हात उचलला म्हणून तीन वर्षांपूर्वी तो सुरतेला निघून गेला, नंबरही बदलला. सुरतेत कुठं शोधणार? तेव्हापासून पहिल्या घासाआधी शालूबाई देवाला एवढंच मागत, एकदा त्याचा आवाज कानी पडू दे.

दोन घास झाले असतील, फोन वाजला. अनोळखी नंबर. कोमलने स्पीकर लावला.

"कोमल का गं? मी काका बोलून राहिलो. रणजीत."

शालूबाईंचा हात वरणभातातच राहिला.

"माय कुठंय?"

"इथंच हाय. जेवून राहिली."

तो हसला. मागं यंत्रमागांचा खडखडाट चालू होता. "म्हंजे तोंडाला कुलूप. जेव माय, निवांत जेव. नुसतं ऐक. दिवाळीला येऊन राहिलो मी. आबांसाठी धोतरजोडी घेतली. अजून चिडून हायेत का गं कोमल? दे त्यांना. मीच आधी बोलतो."

कोमलचे ओठ हलले. शालूबाईंनी डावा हात वर करून तिला थांबवलं. हे त्याला पुतणीच्या तोंडून कळायला नको होतं. त्यांनी घास गिळला, पानाला नमस्कार केला, पान बाजूला सारलं आणि फोन जवळ ओढला.

"रणजीत."

पुढचं येईना. आठ महिने त्यांनी वाक्यं जुळवली होती, आधी काय सांगायचं, मग काय. त्यातलं एकही जिभेवर चढेना.

"अगं, बोललीस काहून? माझ्यापायी उपाशी ऱ्हाशील आता," तो हसतच म्हणाला. मग हसू मधेच थांबलं. "माय, तू पानावर बोललीस."

शालूबाईंनी डाव्या हातानं फोन उचलून कानाशी धरला.

"आबा?" त्यानं हळूच विचारलं.

"व्हय, राजा. माघात."

मग तो कुठंतरी बाजूला गेला असावा. खडखडाट दूर दूर झाला आणि नुसता श्वास ऐकू येऊ लागला, लहानपणी तापात यायचा तसा, अडखळत.

कोमल पान उचलायला वाकली. शालूबाईंनी मानेनंच नको म्हटलं. फोन कानाशी धरून त्या तशाच पाटावर बसून राहिल्या. उजव्या हाताच्या बोटांवरचा भात हळूहळू वाळत चालला होता.