सातव्या दिवसाची माफी

आईच्या कादंबरीला कुमार गटाच्या पुरस्काराचं नामांकन मिळालं, तेव्हा सगळ्यांनी माझंच अभिनंदन केलं. जणू मीच ती लिहिली होती. मी ती फक्त जगले होते, आणि आईने तिचा शेवट पार बिघडवून ठेवला होता.

गोष्ट माझी आहे, हे शाळेत सगळ्यांना ठाऊक. सातवीत असताना गणिताचे सर बारकीचा पेपर वर्गात मोठ्याने वाचायचे. बारकी माझ्या बाकावरची, आकडे दिसले की तिच्या घशाला कोरड पडायची. तिची उत्तरं वाचून सर हसायचे आणि त्यांच्यामागून अख्खा वर्ग. एक दिवस मी उठले, त्यांच्या हातातून पेपर ओढला, बाकावर ठेवला आणि त्यावर बसले. सर म्हणाले, ऊठ. मी नाही उठले. तास संपला तरी नाही.

मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, फर्मान काढलं की माफी मागेपर्यंत शाळेत पाऊल टाकायचं नाही. मी घरी बसले. आई रोज समजवायची, मी रोज नाही म्हणायचे. आठव्या दिवशी निरोप आला, उद्यापासून ये. मोडेन पण वाकणार नाही, असं मनात म्हणत मी सरांच्या नाकावर टिच्चून वर्गात शिरले. बारकीचा पेपर त्यानंतर कधी वाचला गेला नाही.

आणि कादंबरीत? सातव्या दिवशी ती मुलगी रडत शाळेत जाते, माफी मागते, सर तिच्या डोक्यावरून हात फिरवतात. वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आई म्हणाली, कादंबरी आहे ती, तुझं प्रगतिपुस्तक नव्हे. तिला काय जातंय बोलायला. पाचवीतली पोरं मला जिन्यात गाठून विचारायची, ताई, तू खरंच रडलीस? दोन वर्षांत कमावलेलं आईने एका प्रकरणात घालवलं.

नामांकन मिळालेल्या पाचही कादंबऱ्या शाळेने आम्हाला वाचायला दिल्या होत्या, आणि त्यांच्या लेखकांना एकेक करून गप्पांसाठी बोलावलं होतं. आईची पाळी आली तेव्हा सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मोठ्या बाईंनी सुरुवातीलाच सांगून टाकलं की चूक कशी कबूल करावी, हे मुलांनी या कादंबरीतून शिकावं. पहिल्या रांगेत गणिताचे सर गालातल्या गालात हसत होते. बारकी माझ्या शेजारी मान खाली घालून बसली होती.

मग प्रश्नांची वेळ झाली. प्रश्न फक्त वाचकांनी विचारायचे, असा नियम होता. मी वाचकच होते. माइक घेतला.

“तुम्ही तिला माफी का मागायला लावलीत?” जन्मात पहिल्यांदा मी आईला अहो-जाहो केलं. “ती मागणार नाही, हे पहिल्या पानापासून कळतं.”

पोरं हसली. आई हसली नाही. तिने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“कारण माफी मागितली गेली होती,” ती म्हणाली. “सातव्या दिवशी मी बाईंना पत्र नेऊन दिलं. खाली तुझं नाव घातलं. तुझं वर्ष वाया जाईल, अशी भीती वाटली मला.”

भर सभेत कोणी कानफटात मारावी तसं झालं. म्हणजे दोन वर्षं मी ताठ मानेने वर्गात बसत होते, आणि सरांना सगळं माहीत होतं. मला राग आला, सरांपेक्षा आईचा जास्त आला, आणि रडूही फुटायला आलं होतं. पण तिथे रडले असते तर कादंबरीच खरी ठरली असती.

“मग ते पत्र परत घ्या,” मी म्हणाले.

मोठ्या बाई घाईघाईने आभार मानायला उठल्या. आईने त्यांना अडवलं.

“बाई, ते पत्र माझं होतं. हिने माफी मागितलेली नाही, आणि मागायचं काही कारणही नव्हतं. ते मला परत द्या.”

नंतर ऑफिसात बोलू, असं बाई पुटपुटल्या. आई म्हणाली, माफीचं कौतुक सगळ्यांसमोर झालं ना, मग पत्रही सगळ्यांसमोरच द्या. सभागृहातून कोणी हललं नाही. शेवटी बाईंनी शिपाईमामांना फाइल आणायला पाठवलं.

पत्र चार ओळींचं होतं. आईचं अक्षर आणि माझं नाव. तिने ते माझ्यापुढे धरलं आणि म्हणाली, घे, फाड.

“तू लिहिलंस,” मी म्हणाले. “तूच फाड.”

तिने फाडलं.