त्रिकोणाची खूण

जे दुःख बोलून दाखवले गेले नाही ते मुळी नव्हतेच, असा निवाडा आपण फार लवकर देतो. आणि तो फिरवावासा वाटतो तेव्हा समोर ते माणूस उरलेले नसते. आमच्या गावच्या मूरियल टिम्सने आपल्या पतीविषयीचा असा निवाडा चाळीस वर्षे जपला होता.

तिचा मुलगा कॉलिन अकराव्या वर्षी तापाने गेला. पती लेस्ली तेव्हा सुतारकामासाठी कॉव्हेंट्रीला होता. तो परतला तेव्हा सर्व संपले होते. दफन झाल्यावर दुसऱ्याच दिवशी तो पुन्हा कामावर गेला आणि मुलाचे नाव त्याने कधी उच्चारले नाही. दोन वर्षांपूर्वी तोही निवर्तला. तेव्हापासून मूरियल एकच कप विसळते.

मार्चमध्ये वाचनालयातल्या जीन ब्लॉक्समने तिच्यापुढे एक कादंबरी सरकवली. आमच्या गावच्या त्या जगद्विख्यात नाटककाराच्या कुटुंबावरची.

"पुन्हा तोच? टॉवेलावर तो, बिस्किटांच्या डब्यावर तो. आता उशाशीही तोच घेऊ?"

"तो थोडाच आहे गं यात. बायको आहे, पोरं आहेत. नाही आवडलं तर शिव्या घाल मला."

"त्या मी तशाही घालतेच."

पण पुस्तकाने तिला धरून ठेवले. ज्या गल्लीतून ती रोज पाव आणते, तिथे चारशे वर्षांपूर्वीची एक बाई कपडे वाळत घालत होती, सासऱ्याशी भांडत होती. मूरियल खिडकीशी बसून एकटीच हसे, आणि एखादे वाक्य कुणाला ऐकवावे म्हणून मान वर करी. समोरची खुर्ची रिकामी असे.

आमच्याकडची वयस्क मंडळी, वाचलेले पुस्तक चुकून पुन्हा घरी येऊ नये म्हणून, वाचनालयाच्या पुस्तकात ठरलेल्या पानावर चोरून पेन्सिलीची खूण करतात. लेस्लीची खूण तिसाव्या पानावर असे: छोटा त्रिकोण. कोणती फळी कोणत्या फळीशेजारी बसायची हे विसरू नये म्हणून सुतार फळ्यांवर आखतात, तोच.

या पुस्तकाच्या तिसाव्या पानावर तो होता.

पुढे, नाटककाराचा मुलगा जातो आणि दूर शहरातला बाप उशिरा घरी पोहोचतो, त्या पानावर दुसरा त्रिकोण होता. पेन्सिल इतकी दाबलेली, की कागद फाटला होता.

दुसऱ्या दिवशी तिने ते पान जीनपुढे धरले.

"तुला ठाऊक होतं?"

जीनने चष्मा काढला. "शेवटच्या हिवाळ्यात तो इथेच बसून वाचायचा. घरी नेत नव्हता. मूरियलला सांगू नकोस, म्हणाला. मी सांगितलं नाही. फक्त पुस्तक दिलं."

"लबाड आहेस."

"आहे. खोडरबर देऊ?"

"हात तर लावून बघ त्याला."

एप्रिलमध्ये नाटककाराच्या जन्मदिनी सारे गाव आठवणीची खूण म्हणून रोझमेरीच्या सुगंधी डहाळ्या घेऊन त्याच्या समाधीकडे निघाले. मूरियल मिरवणुकीतून बाजूला झाली आणि टेकडीवरच्या दफनभूमीत गेली, जिथे बापलेक शेजारी शेजारी आहेत. तिने तिथे डहाळी ठेवली आणि चाळीस वर्षांत प्रथमच लेस्लीशी कॉलिनविषयी बोलली. मग ती एकटीच घरी परतली.

ज्यांना रडता आले नाही, त्यांना विश्रांती लाभो. आणि ज्यांना ते उशिरा कळले, त्यांची संध्याकाळ सौम्य असो.