चाळीस गिझर

आमच्या ऑफिसात नाताळची सुट्टी मागितली तर मिळते, पण मागावी लागते, आणि मागण्याचा मला भारी कंटाळा. म्हणून तेवीस डिसेंबरला दुपारी दोन वाजता मी दुबई सिलिकॉन ओएसिसमधल्या आमच्या सातव्या मजल्यावर बसून गिझरचे फोटो बघत होते.

आमची कंपनी चीनमधून गिझर आणते आणि इथल्या नव्या टॉवरना पुरवते. माझा नवरा ॲल्फ्रेड त्याच कंपनीत इन्स्पेक्टर आहे. त्याने फोशानच्या कारखान्यात जायचं, तयार मालातले चाळीस गिझर आपल्या हाताने निवडायचे, पाणी भरून तापवायचे, दाब वाढवायचा आणि प्रत्येकाचा सेफ्टी व्हॉल्व्ह वेळेवर उघडतो का ते बघायचं. व्हॉल्व्ह अडकला तर टाकी फुटते. या कामाला दोन दिवस लागतात. सगळं ठीक असलं की तो फोटोंसकट रिपोर्ट पाठवतो, आमच्याकडून त्यावर सही होते आणि मग तिकडे कंटेनर भरतात.

नवऱ्याच्या कामावर बायकोने सही करू नये, म्हणून ॲल्फ्रेडच्या फायली कधी माझ्याकडे येत नसत. पण ज्या बाईंकडे त्या जायच्या त्या नाताळाला केरळला गेल्या, आणि आमचे मॅनेजर हमीदभाई म्हणाले, "एकच फाइल आहे गं. बघ नि सोड."

चिनी नवं वर्ष जानेवारी-फेब्रुवारीत येतं. त्याआधी तिकडचे कारखाने बंद होतात, म्हणून डिसेंबरात सगळ्यांना माल काढायची घाई. आमच्या घरावर त्याचा परिणाम असा की ॲल्फ्रेडने लागोपाठ तीन नाताळ फोशानच्या हॉटेलात काढले. दर वर्षी आमची मुलगी जेनिस येशूजन्माचा गोठा बांधते, त्यात मेंढरं ठेवते, आणि दर वर्षी मी तिला सांगते, पप्पा न्यू इयरला येतील. ती आता अकरा वर्षांची आहे. यंदा तो निघाला तेव्हा मी दारातच सांगितलं होतं, "या वेळी नाताळाला आला नाहीस तर तिला काय सांगायचं ते तूच सांग. माझ्याकडच्या थापा संपल्या."

माझी जीभ तिखट आहे, हे माझी आईसुद्धा मान्य करते.

आणि या वेळी तो खरंच येत होता. त्या रात्रीचं ग्वांगझोहून विमान, चोवीसच्या पहाटे दुबई. जेनिसने सकाळपासून दोनदा फोन करून विचारलं होतं, फ्लाइट ऑन टाइम आहे ना.

मी फोटो भराभर पुढे सरकवत होते. पाण्याच्या टाक्या, आकडे, काटे. सत्ताविसाव्या फोटोत दाबाच्या काट्यावर एक हात होता. हात ॲल्फ्रेडचा. अंगठ्याजवळचा भाजल्याचा डाग मला ओळखता आला, म्हणून मला आधी बरंच वाटलं. मग त्याच्या बोटातली अंगठी दिसली.

ऑगस्टमध्ये ॲल्फ्रेडचं बोट सुजलं होतं. साबण लावून, दोरा गुंडाळून, शिव्या खात मी ती लग्नाची अंगठी काढली आणि अजमानच्या सोनाराकडे मोठी करायला टाकली. तिथून ती आणायचं आम्ही रोज ठरवतो. सोनाराची पावती अजून माझ्या पर्समध्ये होती. मी पर्स उघडून पाहिली, जणू पावती नसली तर फोटो खरा ठरणार होता. पावती तिथेच होती.

म्हणजे फोटो जुना होता. मी उरलेले सगळे परत पाहिले. सहा फोटोंत हात होता, सहाहींत अंगठी. आधीच्या कुठल्या तरी मालाचे फोटो उचलून, खालच्या तारखा कापून त्याने पाठवले होते. कामात हा माणूस कधी चुकत नाही म्हणून आम्ही घरी त्याची टिंगल करतो. चहात साखर किती, हेसुद्धा तो मोजून घालतो.

मी जिन्यात जाऊन फोन लावला. तो विमानतळाकडे जाणाऱ्या टॅक्सीत होता.

"सही झाली?" त्याने पहिलंच विचारलं.

"फाइल माझ्याकडे आलीय."

टॅक्सीवाल्याचा रेडिओ ऐकू येत होता.

"ॲल्फ्रेड, किती गिझर तपासलेस?"

"ब्रिजिट, माल चांगला आहे. दहा वर्षं या फॅक्टरीत जातोय मी. यांचा एक पीस फेल गेलेला नाही."

"किती?"

"इकडे लाइटचा प्रॉब्लेम होता. टेस्टिंगची लाइन दोन दिवस बंद. आज दुपारी चालू झाली. मी आजपासून बसलो असतो तर परवा संपलं असतं. परवा म्हणजे पंचवीस."

"म्हणजे एकही नाही."

"नजरेने बघितलेत सगळे."

"हात तरी लावलास का?"

तो एकदम चिडला. तो फार क्वचित चिडतो, आणि चिडला की आवाज खाली जातो. "तूच म्हणालीस ना, आला नाहीस तर बघ? मी येतोय. माणसाने किती नाताळ त्या हॉटेलात नूडल्स खात बसायचं? तू साइन कर. खलास. कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय."

"तू माझी बायको आहेस."

हे वाक्य मला लागलं, कारण ते खरं होतं. मलाही तो घरी हवा होता. दोन किलो मटण मसाला लावून फ्रीजमध्ये होतं. मी सही केली असती तर पहाटे पाचला तो दारात उभा असता, जेनिस झोपेतून उठून त्याच्या गळ्यात पडली असती, आणि माल बहुतेक चांगलाच निघाला असता. बहुतेक. ते सहाशे गिझर अल रीम आयलंडच्या एका टॉवरमध्ये जाणार होते. सहाशे बाथरूम. एखादी बाई खाली पोराला अंघोळ घालत असणार आणि वर भिंतीवर ते यंत्र.

"परत जा," मी म्हणाले. "सगळे चाळीस तपास. मी फाइल परत पाठवतेय."

"हमीदला सांगणार आहेस?"

"नाही. फोटो नीट नाहीत एवढंच लिहीन. नोकरी जाणार नाही तुझी."

"तिकीट बदलायला नऊशे दिरहम लागतात. बावीस हजार रुपये." मग त्यालाच त्या हिशोबाची लाज वाटली असावी. "आणि जेनिसला काय सांगणार आहेस?"

मी फोन ठेवला. त्याने परत लावला, मी घेतला नाही. चार वेळा.

हमीदभाई माझ्या टेबलाशी उभेच होते. "काय गं, झालं की नाही? तिकडे कंटेनर उभा आहे. यल्ला, आटप."

"फोटो साफ नाहीत. टेस्ट परत करायला सांगतेय."

त्यांनी चष्मा वर केला आणि माझ्या स्क्रीनवर वाकले. सत्ताविसावा फोटो उघडाच राहिला होता. हमीदभाई रत्नागिरीचे, समुद्रावर वाढलेले, त्यांची नजर लांबचं बरोबर पकडते.

"मला तर चांगले दिसतायत," ते म्हणाले.

"मला दिसत नाहीत."

"परत टेस्ट म्हणजे तो अडकला. तुमचा सण आहे ना परवा?"

"हो."

"नवरा आहे तुझा."

"म्हणूनच," मी म्हणाले.

त्यांना काही कळलं की नाही, ते मला आजही सांगता येणार नाही. "फॅक्टरीला मी सांगतो, दोन दिवस थांबा म्हणून," एवढं बोलून ते गेले. मी फाइल परत पाठवली. बटण दाबताना मला रडू आलं नाही. राग आला, ॲल्फ्रेडचा आणि त्याहून जास्त माझा, कारण जिने त्याला या घाईला लावलं तीच आता त्याची परीक्षा घेत होती.

घरी जाताना अजमानच्या रस्त्यावर दीड तास ट्रॅफिकमध्ये बसून मी वाक्यं जुळवली. जेनिसला म्हणाले, "कंपनीने पप्पाला सोडलं नाही. ऐन वेळी काम काढलं."

"बट ही वॉज गोइंग टू द एअरपोर्ट."

"हो. तिथून परत बोलावलं."

"आय हेट युअर कंपनी," ती म्हणाली, आणि गोठ्याच्या दिव्यांची पेटी न उघडताच कपाटात ठेवून आली. थापा संपल्या म्हणणाऱ्या बाईला वेळ आली तेव्हा एक थाप बरोबर सापडली.

ॲल्फ्रेडचा त्या रात्री एकच मेसेज आला. फॅक्टरीत पोचलो. बाकी काही नाही. चोवीसला दिवसभर काहीच नाही. मी दर पाच मिनिटांनी फोन बघत होते. भांडणात गप्प बसणाऱ्या माणसासारखा छळ नाही.

चोवीसच्या संध्याकाळी आम्ही दोघी शारजाच्या चर्चमध्ये मिस्साला गेलो. गर्दी इतकी की अंगणात उभं राहावं लागलं. वसईची निम्मी माणसं तिथे भेटतात, आणि प्रत्येकाने विचारलं, ॲल्फ्रेड कुठेय? प्रत्येकाला मी कंपनीची थाप दिली आणि प्रत्येक वेळी जेनिस मान हलवत राहिली. मग सगळे गुडघ्यावर बसले तेव्हा मीही बसले आणि देवाकडे मागणं मागितलं. काय मागितलं ते सांगते, लपवण्यात अर्थ नाही. मी मागितलं की ते गिझर नापास होऊ देत. सगळे नको, दोन-तीन. निदान एक. एखादा व्हॉल्व्ह अडकू दे, म्हणजे मी बरोबर होते हे त्याला कळेल, आणि मलाही. बाळ येशूच्या जन्माच्या रात्री मी फुटक्या टाक्या मागत होते.

पंचवीसला दुपारी मी दोघींचं ताट वाढलं. मटण, मैद्याचे तळलेले फुगे, कोशिंबीर. दीड वाजता फोन वाजला. माझे हात तेलाचे होते म्हणून मी स्पीकर लावला.

"संपलं," ॲल्फ्रेड म्हणाला. आवाज बसला होता. "चाळीस. दोन्ही दिवस उभा होतो. रिपोर्ट पाठवलाय, बघून घे."

"आणि?"

"सगळे पास. चाळीसच्या चाळीस."

मी खुर्चीवर बसले. बरं वाटायला हवं होतं. सहाशे घरांतली माणसं सुखरूप होती, कंटेनर निघणार होता. मला मात्र कुणी थोबाडीत मारल्यासारखं झालं.

"तिकीट तीस तारखेचं मिळालंय," तो म्हणाला. मी सांगितलं होतं ना तुला, असं त्याने म्हणावं म्हणून मी वाट बघत होते. तो म्हणाला नाही.

जेनिस फुगा मोडता मोडता थांबली होती. "सो दे वेअर ऑल फाइन?"

"हो."

"देन व्हाय डिडंट द कंपनी लेट हिम कम?"

तिच्या डोळ्यांत बघून आणखी एक थाप मारायची माझ्यात ताकद नव्हती. "कंपनीने नाही अडवलं," मी म्हणाले. "मी अडवलं. पप्पा येत होता. मीच त्याला परत पाठवलं."

ती माझ्याकडे अशी बघायला लागली की ती कुणा दुसऱ्याची मुलगी वाटली.

"जेनिस," फोनमधून ॲल्फ्रेड बोलला, "ममा अर्धंच सांगतेय. काम न करताच मी झालं म्हणून लिहिलं होतं. खोटे फोटो लावले होते. तिने पकडलं."

"बट व्हाय, पप्पा?"

"तुझ्याकडे यायचं होतं."

जेनिसने ताट पुढे सरकवलं. हळूच म्हणाली, "बट दे वेअर फाइन एनीवे. यू कुड हॅव कम."

उत्तर मलाच द्यायचं होतं. "हो, येता आलं असतं," मी म्हणाले. "पण ते आम्हाला आज कळलं, बाळा. परवा माहीत नव्हतं."

ती उठली, खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतलं. आपटलं नाही, नुसतं लावलं.

"रडतेय का?" ॲल्फ्रेडने विचारलं.

"आवाज येत नाही."

"तू काही बोलू नकोस लगेच. फोन तिच्या दाराशी ने. मी बोलतो."

मी हात पुसले, फोन उचलला आणि जेनिसच्या बंद दारासमोर फरशीवर बसले. फोन दाराला टेकवून धरला. तो तिच्याशी बोलत राहिला, ती उत्तर देत नव्हती, आणि तरी तो थांबला नाही.