उशाशी बसणारी

अहो, हळू ओढा, खांदा उसवेल. हं, आले एकदाची बाहेर! मी कापडाची बाहुली बोलतेय. तुम्ही एकदाच जन्मला असाल. मी रोज दहाच्या तासाला जन्मते, एखाद्या दिवशी पाच-पाच वेळा.

मला शिवलं आमच्या बाईंनी. बाई म्हणजे सुईणीचं काम शिकवणाऱ्या प्राध्यापिका. जुन्या चादरीचं अंग, आत वाळूच्या पिशव्या, बेंबीला दोरीची नाळ, वजन बरोब्बर तीन किलो. एका मुलीने रेक्झिनचं पोट बांधून टेबलावर आई व्हायचं आणि बाकीच्यांनी मला सोडवायचं. मी आले की पुसणं, तोलणं, टाळ्या. माझा तोरा काय विचारता!

एकदा आई होणारी मुलगी आलीच नाही, म्हणून बाई स्वतः आडव्या झाल्या. मी झाले, टाळ्याही झाल्या. बाई उठून म्हणाल्या, "मुलींनो, मी तीनदा पाणी मागितलं."

एक हळूच म्हणाली, "मॅडम, आमचं लक्ष बाळाकडे होतं."

ते वाक्य बाईंच्या मनात घर करून बसलं. पुढची चार वर्षं त्या वही घेऊन प्रसूतिगृहात बसल्या. बाळंत होणारीशी कोण, किती वेळा, काय बोललं ते लिहायचं. पानंच्या पानं कोरी राहिली. मग त्यांनी संशोधन समितीकडे एकच मागणं केलं: एका वॉर्डात प्रत्येकीच्या उशाशी एक सुईण बसू द्या, फक्त तिच्यासाठी. काय फरक पडतो ते मोजू.

समितीचे अध्यक्ष मोठे डॉक्टर. "गप्पा मारायला माणूस? याला संशोधन म्हणत नाहीत," ते म्हणाले. "पुढच्या बैठकीत शेवटचं सांगतो."

त्या दिवशी माझा खांदा शिवायला बाईंनी मला घरी नेलं होतं. चार वर्षं पाण्यात जाणार म्हणून त्यांचा चेहरा एवढासा झालेला. सुईत दोरा ओवून देता देता लेक म्हणाली, "आई, तू त्यांनाच झोपव की टेबलावर."

आणि बाईंनी खरंच झोपवलं! भर बैठकीत. डॉक्टर हसत हसत आडवे झाले. मला सोडवायला त्यांच्याच हाताखालचे चार डॉक्टर. "नेहमी करता तसंच करा," बाई एवढंच म्हणाल्या. पहिल्याच मिनिटाला कुणीतरी साहेबांचा चष्मा काढून घेतला.

"अजून किती वेळ?" साहेबांनी विचारलं. कुणी उत्तर दिलं नाही. "अरे, माझा चष्मा?" चौघेही माझ्या डोक्यावर वाकलेले.

मी आले. सवयीने टाळ्या वाजल्या. साहेब उठून बसत म्हणाले, "माझ्याकडे कुणी बघितलंच नाही." चष्मा सापडल्यावर त्यांनी कागद ओढला आणि सही केली. एक वॉर्ड, सहा महिने.

ते सहा महिने कधीच सरले, वॉर्ड चालूच आहे. दुसऱ्या खेपेला येणाऱ्या बायका दारातच विचारतात, "ती उशाशी बसणारी आहे ना?" आमच्या वर्गातही रीत बदलली. आता मी आले की एकजण मला अलगद आईच्या छातीवर ठेवते, आणि बाकीच्या साऱ्या आईच्या तोंडाकडे बघतात. माझं कौतुक पार आटलं. सुरुवातीला राग आला, खोटं कशाला बोलू? आता मीही त्यांच्याबरोबर तिकडेच बघते.

तुम्हीही कुणाचं बाळ बघायला जाल, तेव्हा आधी तिची विचारपूस करा. बाळ कुठे पळून जात नाही.