आक्काताईंच्या जीपचा आवाज

गेल्या भाद्रपदात पालखीपुढं चालता चालता आक्काताईंची जीप मुकी झाली. पावसाची एक सर काय आली, स्पीकरनं घुर्र केलं आणि भजन अर्ध्यातच गिळलं. मागनं गावातल्याच बाहुबलीचा ट्रॅक्टर भोंगा वाजवत पुढं निघून गेला. तेव्हापासून शेजारची बायडाबाई भेटंल तिथं विचारायची, "आक्काताई, जीपची सर्दी गेली का?" आणि यंदा जीप परत मुकी झाली तर पालखीपुढचा मान कायमचा ट्रॅक्टरला, असं बस्तीच्या, म्हणजे गावच्या जैन मंदिराच्या, पंचांनी सांगूनच टाकलं होतं.

जीप लष्कराच्या लिलावातली, बिनटपाची. टपाचं नाव काढलं की धाकटा लेक वृषभ म्हणायचा, "अव्वा, टप घातल्यावर जीप कसली, टेम्पोच की." शेवटी मिरवणुकीला तीन दिवस उरले तेव्हा त्यानं कोल्हापूरहून नवे स्पीकर आणले आणि ते बसवायला धम्मपाल मिस्त्रीला आणलं. माणूस कामाचा, पण तोंडानं आक्काताईंच्या तोडीचा.

त्यानं मागच्या बाकांखाली दोन खोकी ठोकली, त्यात स्पीकर बसवले आणि फटींत पिवळं काहीतरी चोपडायला लागला. आक्काताई खुर्ची टाकून राखणीलाच बसलेल्या.

"हे काय थापायलायस?"

"मेण, आजी. अस्सल मधमाशीचं. थेंब आत जायचा न्हाय."

वृषभनं कपाळाला हात लावला. त्यांच्या घरात मधाची बाटली कधी उंबऱ्याच्या आत आली नव्हती.

"मोहोळ जाळून काढलेल्या मेणावर आमच्या देवाचं भजन वाजवतूस? काढ. सगळं खरवडून काढ."

"लाख लावू मग?"

"ती काय झाडाला फळ म्हणून लागती? किड्याचीच की!"

"मग फटीत काय भजन कोंबू?"

"माझ्या तोंडाला लागू नको, डोकं लाव."

धम्मपालनं डोकं लावलं. ट्रॅक्टरची फाटकी ट्यूब कापून काठाला रबराच्या पट्ट्या बसवल्या. स्पीकरच्या कागदी पडद्यावर ऑइलपेंटचा पातळ हात फिरवला.

"ह्यात कुणाचा जीव?" आक्काताईंनी डबा हुंगला.

"माझा, आजी. सकाळधरनं अडकलाय."

दुसऱ्या दिवशी रंग वाळल्यावर पाणी ओतून बघायचं ठरलं. वृषभनं बादली उचलली. आक्काताई म्हणाल्या, "गाळून वत." मग गळणं लावून गाळलेलं पाणी जीपवर पडलं. दोन मिनिटं भजन चाललं, मग गुळण्या सुरू झाल्या. खोकं उघडलं तर आत कपभर पाणी.

"रबर तर घट्ट हाय," धम्मपाल चक्रावला. "आलं कुठनं?"

आक्काताई उठल्या, जीपला एक फेरी घातली आणि वाकून बोट दाखवलं. "ही वायर वरनं थेट आत सोडलीयास. पाणी तिच्या पाठीवर बसून आत गेलं. धुण्याच्या दोरीचं पाणी कुठं टपकतंय? झोळात. वायर खोक्याच्या खाली झोळ देऊन मग वर चढव. आणि बुडाला भोक पाड. आलंच पाणी, तर जाईल तरी."

धम्मपालनं वायर उपसून काढली. मग म्हणाला, "आजी, दुकानात बसता का?"

"पगार झेपायचा न्हाय तुला."

मिरवणुकीदिवशी चावडीच्या कोपऱ्यावर आभाळ फाटलं. बाहुबलीचा भोंगा पहिल्याच वळणाला गार झाला. जीपमधलं भजन मात्र खणखणीत! पुढच्या सीटवर आक्काताई चिंब भिजून ताठ बसलेल्या. मागं वळून बघणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

दोन गल्ल्या ओलांडल्यावर वृषभनं आरशात बघितलं. "अव्वा, मागं कुणीच न्हाय."

पालखी शाळेच्या व्हरांड्यात शिरली होती आणि सगळा गाव तिच्यामागं. एक म्हातारे पंच डोक्यावर पोतं घेऊन जीपमागं पळत आले. "आक्काताई, मान तुमचाच! पण आता माघारी फिरा!"

"काय म्हणतोय त्यो?"

"माघारी फिरा म्हणतोय."

"भजन चाललंय, काय ऐकू येत न्हाय म्हणून सांग," आक्काताई म्हणाल्या. "आणि आवाज वाढव. अजून बायडाबाईची गल्ली ऱ्हायलीया."