दाराला लावलेला सोफा

मी व्हर्डेल प्रूटच्या घरातला हिरवा सोफा बोलतोय. तिची बहुतेक पुस्तकं माझ्यावर बसूनच लिहून झाली.

अमेरिकेतल्या क्लीव्हलंडमध्ये तिची आई ओडेसा शिवणकाम करायची. तिनेच मला घरी आणलं. शाळेतून आली की व्हर्डेल माझ्यावर मांडी ठोकून गोष्टी लिहायची. मोठेपणी त्या मासिकांत छापून येऊ लागल्या. मग तिने नाटक लिहिलं, दारुड्या नवऱ्याला घराबाहेर काढणाऱ्या बाईचं.

थिएटरचे मालक गॅलोवे घरी आले. माझ्यावर रेलून म्हणाले, "नाटक झकास आहे. फक्त शेवटी नवऱ्याला घरात घ्या. लोकांना हसत घरी जाऊ द्या."

"आमच्या घरात नाही घेतला," व्हर्डेल म्हणाली आणि तिने त्यांच्या हातातून नाटकाचे कागद काढून घेतले.

तिने चर्चच्या हॉलमध्ये प्रयोग ठरवला. सामान कुठून आणणार? दोन नटांनी मलाच उचललं.

ओडेसा कडाडली, "माझी लाज चव्हाट्यावर मांडतेस ती मांडतेस, वर माझाच सोफा नेतेस?"

"तू ये तर खरी."

"माझी चप्पलसुद्धा येणार नाही!"

पण आली. शेवटच्या रांगेत, डोक्यावरची हॅट न काढता बसली.

शेवटच्या प्रवेशात नवरा बाहेरून दार बडवत होता आणि नटी माझ्यावर पडून हुंदके देत होती. तेवढ्यात मागून आवाज आला, "मी रडले नव्हते!"

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. पडद्याआडून व्हर्डेल पुढे आली. "मग काय केलंस गं, आई?"

"सोफा ढकलत नेला, दाराला लावला आणि त्याच्यावर झोपले. सकाळी कामाला जायचं होतं मला."

नटीने डोळे पुसले. मला ढकलत दाराशी नेलं, अंगावर कोट ओढला आणि डोळे मिटले. बाहेरचं बडवणं हळूहळू थांबलं. लोक उभे राहिले. टाळ्या वाजवायला ओडेसाने हातमोजे काढले.

पुढे ते नाटक गावोगावी झालं. शेवट बदलायला सांगणारे आणखी भेटले, व्हर्डेल कुणालाच बधली नाही. कादंबऱ्या आल्या, काही खपल्या, काही पडून राहिल्या. ओडेसा गेली, त्यानंतरही व्हर्डेलचं लिहिणं थांबलं नाही.

आता माझ्या स्प्रिंगा कुरकुरतात, तिचे गुडघेही. भाची म्हणते, "मावशी, पुरे झालं आता." व्हर्डेल चष्मा पुसते आणि नवं पान घेते.

तुम्हाला बसा म्हणालो असतो, पण जागा नाही. सगळीकडे कागद पसरलेत. दार हळू लावून घ्या, ती नव्या नाटकाच्या तिसऱ्या अंकात आहे.